बसायची जागा

आमच्या सोलापूरच्या गिरणीचे मालक स्कॉटलंडचे एक साहेब. रिळाच्या खात्यातल्या आम्ही बायकांनी बसायला बाकं मागितली की त्यांचं ठरलेलं उत्तर यायचं, “बसलं की झोप येते.” विलायतेत राजाने साहेबांना लॉर्ड केलं, म्हणून गिरणीत सत्कार झाला. फेटा बांधला, हार घातला, मखमली खुर्ची मांडली. लॉर्ड म्हणजे काय ते हेडक्लार्कने समजावलं, “साहेब आता लंडनच्या सभेत जन्मभर बसणार. त्यांच्यानंतर थोरला मुलगा बसणार.” आमच्यातल्या मायाक्काने विचारलं, “बसून काय करायचं असतंय?” साहेबांना मराठी कळायचं. ते हसून म्हणाले, “काय नाय. फक्त बसायचा.” “मग तुमास्नी झोप न्हाय येत?” खुर्चीत टेकणारे साहेब अर्धवट वाकूनच थांबले, ताठ झाले आणि सत्कार संपेपर्यंत उभेच राहिले. रिकाम्या खुर्चीत मायाक्का ऐसपैस बसली. मी विचारलं, “झोप येतीय का गं?” “झोप कसली गं? आत्ताच जाग आली की!”