मागचा डावा टायर

नवऱ्याने हौसेने गाडीची उंची कमी करून घेतली, तेव्हापासून मागचा डावा टायर मडगार्डला घासत होता. दोनदा अलाइनमेंट केलं तरी तेच. शेवटी रविवारी ती स्वतःच गाडी घेऊन गॅरेजमध्ये गेली.

"ताई, रिकामी गाडी कुठेच घासत नाही," मेकॅनिक म्हणाला. "मागे डावीकडे रोज कोणीतरी बसतंय."

तिच्या मनात पाल चुकचुकली. ऑफिसला तर हा एकटाच जातो म्हणे! आणि हल्ली गाडीत सेंटचा वास येतो, तोही रोज वेगळा.

सोमवारी संध्याकाळी तो टाय सैल करत घरात शिरला, तशी तिने दारातच गाठलं. "कोण बसते ती मागे?"

त्याने टाय गळ्यातून काढून टाकला.



"नोकरी गेली माझी. जो भाडं देईल, तो बसतो."