पाटीच्या दोन बाजू

आमच्या नेब्रास्कातल्या गावचं ल्युथरन चर्चचं कॉलेज कधीच बंद पडलं. तिथं आता मका उभा आहे. आज हमरस्त्याच्या कडेला त्याच्या आठवणीची लोखंडी पाटी लागली, दोन्ही बाजूंनी मजकूर असलेली. पडदा सरकताच जुने विद्यार्थी, सगळे पंचाहत्तरी गाठलेले, कुणी न सांगता वेगळे झाले: पुरुष पाटीच्या अलीकडे, बायका पलीकडे. कॉलेजात मुलामुलींच्या पायवाटाच वेगळ्या होत्या, मधे उंच कुंपण. ते ओलांडलं की घरी पत्र. विधुर ऑर्लिननं पाटी वाचली आणि काठी टेकत तो पलीकडे, बायकांतल्या व्हर्नाशेजारी जाऊन उभा राहिला. "तुमच्या बाजूला वेगळं लिहिलंय का रे?" तिनं विचारलं. "नाही गं, तेच आहे." "मग इकडे कशाला कडमडलास?" "तिकडून तू दिसत नाहीस. तेव्हाही दिसायची नाहीस." व्हर्नानं पर्स दुसऱ्या हातात घेतली आणि मोकळा हात त्याच्यापुढे केला.