चढताना कमी, उतरताना जास्त

"झोका अडवायचा नसतो गं, त्याला हळूच उलटा हात द्यायचा," असं आई म्हणायची. इंजिनिअर झालेल्या लेकीनं तेच पवनचक्क्यांना शिकवलं होतं. तारांमधली वीज हेलकावे खाऊ लागली की ती चढताना चक्क्यांनी आपली वीज कमी द्यायची, उतरताना जास्त.

आज पहिली चाचणी होती. फसली, तर सगळं शहर अंधारात आणि तिची मेहनत पाण्यात. तिची यंत्रणा सुरू करण्याचं काम मात्र नियंत्रण कक्षातल्या ऑपरेटरकाकांचं.

पडद्यावरची विजेची रेषा उसळली. छतावरचे दिवे मंदावले. खिडकीतून दिसणाऱ्या चक्क्यांनी जणू श्वास रोखला, सोडला, पुन्हा रोखला, आणि बघता बघता रेषा सुतासारखी सरळ झाली. टाळ्या पडल्या. तिचा ऊर अभिमानानं भरून आला.

"बघितलंत काका? तुम्हीच म्हणायचात ना, पंख्यांना काय कळतंय!"

काका हसले नाहीत. रेषा जराशी थरथरली आणि कुणीतरी थोपटावी तशी पुन्हा निवांत झाली. काकांची नजर तिच्यावरून हलेना.

"पोरी, रागावू नकोस," ते हळूच म्हणाले. "मला धीरच झाला नाही. तुझी यंत्रणा मी अजून सुरूच केलेली नाही."