उजवीकडचा माणूस

देश आपल्या एका तालुक्याएवढा, आणि रत्नागिरीचा खिजर त्यातही हरवला! बहरीनमधल्या सखीरच्या वाळवंटात मित्रांनी तंबू ठोकले होते. टेकाडापर्यंत जाऊन येतो म्हणून त्याने मोटारसायकल काढली काय, आणि धुळीचं वादळ उठलं काय! सूर्य दिसेना, मोबाइल बंद पडलेला, आणि वाळूचं प्रत्येक टेकाड मघाच्यासारखंच. तंबू पुढे आहेत की मागे राहिले, काही समजेना.

घड्याळात असरची, म्हणजे दुपार कलल्यावरच्या नमाजाची वेळ झाली. पण किबला, म्हणजे मक्केची दिशा, कुठे? खिजर स्वतःभोवतीच दोनदा फिरला, शेवटी अंदाजाने एक बाजू धरली, हात-तोंड धुवायला पाणी नव्हतं म्हणून वाळूवर टेकवलेले हात तोंडावरून फिरवले आणि नमाजाला उभा राहिला.

तेवढ्यात मागे एक बाइक थांबली. कुणीतरी येऊन त्याच्या उजव्या हाताला उभं राहिलं आणि त्याच्यामागोमाग नमाज पढू लागलं. नमाज मोडून बघता येईना, पण पांढऱ्या पायघोळ अंगरख्याची कड तेवढी दिसली. म्हणजे इथलाच माणूस! खिजरच्या जिवात जीव आला.

नमाजाच्या शेवटचा सलाम फेरून होताच तो वळला. "चाचा, कॅम्प किधर?"

धुळीने माखलेला म्हातारा बहरिनी त्याच्याकडे बघतच राहिला.

"तुमको नहीं मालूम? हम दो घंटे से घूमता, सदीक, मेरा दोस्त. तुमको नमाज में देखा, हम बोला खलास, इसको किबला मालूम, तो रास्ता भी मालूम."