गाठीशेजारची जुडी

अंतराने स्कॅनवरून संगणकावर तयार केलेली मेंदूची दोन्ही चित्रं डॉक्टर अच्युत यांच्या टेबलावर शेजारी शेजारी ठेवली. सोमवारच्या चित्रात विष्णुपंतांच्या मेंदूतल्या गाठीभोवतीची जागा मोकळी होती. आजच्या चित्रात गाठीला अगदी चिकटून तंतूंची एक बारीक जुडी गेली होती. माणसाचं बोलणं जिच्यावर चालतं, ती.

"परवा तर नव्हती ही," डॉक्टर म्हणाले.

"होती, सर. मी शोधलीच नव्हती."

मेंदूच्या चित्रातल्या प्रत्येक ठिपक्यात तंतूंच्या किती दिशा शोधायच्या, हे संगणकाला आधी सांगावं लागतं. अंतराने एकच सांगितली होती. एका दिशेचं काम दोन तासांत होतं, दोन दिशांना अख्खा दिवस लागतो, आणि सोमवारी घाई होती. पण एकच दिशा शोधली की जिथे दोन जुड्या एकमेकींना छेदतात, तिथे जाड ती दिसते आणि बारीक ती गडप होते. काल तिने दोन सांगून पाहिल्या, तेव्हा ही सापडली. संगणक बिचारा आज्ञाधारक, मागितलं तेवढंच देतो. अंतराने तोंड बंद ठेवलं असतं तर कुणाला कळलंही नसतं. जिना चढताना हा विचार तिच्या मनात येऊन गेला होता, आणि त्याची तिला लाज वाटत होती.

"उद्या सकाळी ऑपरेशन, आणि तू आता सांगून राहिली," डॉक्टर उठले. "मी तर बोलणं शाबूत राहील म्हणून शब्द देऊन बसलो त्यांना. चलो, त्यांच्यासमोर तूच सांग."

वॉर्डात विष्णुपंत खाटेवर बसले होते. पनागरच्या शाळेतून निवृत्त झालेले गणिताचे मास्तर. शेजारी त्यांची बायको इंदूताई संत्रं सोलत होती. अंतराने आपली चूक सांगितली, कसलीही सबब न देता. पुढचं डॉक्टरांनी सांगितलं. गाठ पूर्ण काढली तर वाचा जाऊ शकते. वाचा जपायची तर गाठीचा एक तुकडा आतच ठेवावा लागेल, आणि तो पुन्हा वाढू शकतो.

विष्णुपंतांनी अंतराकडे पाहून नुसती मान हलवली. रागावले असते तर तिला बरं वाटलं असतं.

"काढून टाका पूर्ण," ते डॉक्टरांना म्हणाले. "तसं बोलून तरी काय करून राहिलो मी?"

इंदूताईने संत्रं खाली ठेवलं.

"घरात दिवसभरात दहा शब्द बोलतात हे, डॉक्टरसाहेब. चाळीस वर्षं त्या दहावर काढली मी. तुकडा राहू द्या आत. वाढला तर पुन्हा येऊ."

विष्णुपंतांनी तिने खाली ठेवलेलं संत्रं उचललं आणि सोलायला घेतलं.

"बरं," ते म्हणाले.