नववी खूण

थॉमसिनला पुरून सहा आठवडे झाले होते. त्या मंगळवारी सकाळी जर्व्हेस सुताराला कळलं, की ती त्याची बायको नव्हती.

बिशपच्या कचेरीचा कारकून एक वही आणि एका म्हाताऱ्या पाद्र्याला घेऊन आला होता. हे डोंगरावरच्या चॅपलचे पाद्री पेल, तीस वर्षं चोरून लग्नं लावत होते. लग्नाला कुणाची हरकत आहे का, असा तीन रविवार चर्चमध्ये करायचा नावांचा पुकारा नाही, परवाना नाही, चॅपलचं दार बंद. पण नोंद मात्र दर वेळी करत. ती ही वही. कारकुनाने तिच्यातल्या नऊ जोड्यांवर खूण केली होती. जर्व्हेस गावच्या चर्चचा कारभारी. त्यातल्या गावच्या किती, ते त्याने सांगायचं आणि खाली सही करायची. मग पेलच्या अंगावरचा पाद्र्याचा झगा उतरणार होता.

"बघून ठेवा, कारभारी. मी तोवर दोन घास खाऊन येतो," कारकून म्हणाला. "या म्हाताऱ्यावर लक्ष ठेवा. पळेल."

"पळायला गुडघे लागतात," पेल म्हणाले.

चर्चच्या मागच्या खोलीत दोघंच उरले. जर्व्हेस ओळीखाली बोट धरून वाचत गेला. नवव्या खुणेपाशी बोट थांबलं. थॉमसिन बर्ड. रीस प्रोबर्ट, गुरं हाकणारा. तारीख जर्व्हेसच्या लग्नाच्या दोन वर्षं आधीची.

रीसला तो चांगला ओळखत होता. दर साली सेंट मायकेलच्या जत्रेला रीस वेल्समधून बैल घेऊन येई, जर्व्हेसच्या मागच्या कुरणात बांधी आणि त्याच्याच घरी जेवी. थॉमसिन त्याच्यापुढे पाव आणि चीज ठेवी आणि परसात निघून जाई.

"बाई अबोल आहे तुझी," रीस एकदा म्हणाला होता.

"माझ्याशी तरी कुठे बोलते!" असं म्हणून जर्व्हेस हसला होता. रीस हसला नव्हता.

जर्व्हेसने वही पेलपुढे सरकवली. "हे खरं?"

"खरं."

"मग माझ्याशी लग्न कसं केलं तिने?"

"रीस गुरं घेऊन गेला तो दोन वर्षं आलाच नाही. मेला अशी बातमी आली. मग तिच्या बापाने तुझ्याशी ठरवलं. तुमच्या नावांचा दुसरा पुकारा झाला आणि त्याच आठवड्यात हा परत आला. ती धावत माझ्याकडे आली. मी म्हणालो, पोरी, गप्प राहा. तू तोंड उघडलंस तर माझी चाकरी जाईल. तिने मला शब्द दिला. रीसने तिला दिला."

"आणि तुम्ही तिसरा पुकाराही ऐकून घेतलात."

"ऐकला."

जर्व्हेसने पुन्हा तिच्या नावावर बोट ठेवलं. मग म्हणाला, "ती 'होय' कशी म्हणाली होती?"

"म्हणजे?"

"तुमच्या चॅपलमध्ये. मोठ्याने म्हणाली की हळू?"

"आता कशाला विचारतोस ते? गेली बिचारी."

"सांगा, पाद्रीसाहेब."

"मोठ्याने. बाहेर ऐकू जाईल म्हणून मी तिला दटावलं. तर हसायलाच लागली. तिचं बघून तोही. शपथ पहिल्यापासून घ्यावी लागली."

जर्व्हेसच्या लग्नात गावच्या पाद्र्याने तिला दोनदा विचारलं होतं. अख्खं गाव थांबलं होतं. शेवटी तिचे ओठ नुसते हलले. पोरगी लाजाळू आहे, असं बायका म्हणाल्या. चोवीस वर्षं जर्व्हेसही तेच म्हणत आला. त्याने तिला मोठ्याने हसताना कधी ऐकलं नव्हतं.

"सही कर," पेल म्हणाले. "मी काही नाकारणार नाही. कचेरी रीसला बोलावेल, तो कबूल करेल. तुम्हाला मूलबाळ नाही, कुणाचं काही बिघडत नाही. तिचं जे खरं लग्न होतं ते तरी तिला मिळेल. आणि मीही मोकळा होईन."

जर्व्हेसच्या डोळ्यांपुढे रीस आला. टोपी हातात घेऊन थडग्यापाशी उभा. गाव त्याच्याकडे जातंय, त्याच्या खांद्यावर हात ठेवतंय. आणि आपण लांब, कुंपणापाशी. ज्याच्या घरी ती राहत होती तो माणूस.

कारकून ओठ पुसत आला. अंगाला खारवलेल्या मासळीचा वास येत होता. "काय कारभारी, किती तुमच्या?"

"आठ."

"खुणा नऊ आहेत."

"नववी आमची नाही. अशी बाई या गावात नव्हती."

"नक्की?"

"या गावचा कारभारी मी आहे की कोण? नक्की."

"तुम्ही म्हणाल तसं." कारकुनाने नवव्या ओळीवर आडवी रेघ ओढली. "आठही पुष्कळ झाल्या. झगा तेवढ्यात उतरतो."

जर्व्हेसने सही केली. पेल हळूच म्हणाले, "जर्व्हेस, हे तू जर माझ्यासाठी केलं असशील, तर—"

"तुमच्यासाठी नाही."

दुपारी तो पटाशी घेऊन थडग्यापाशी गेला. लाकडी फळी त्यानेच घडवली होती. तिच्यावरची 'जर्व्हेसची बायको' ही अक्षरं त्याने आणखी खोल केली.

सेंट मायकेलची जत्रा सहा महिन्यांवर होती. थॉमसिन गेल्याचं रीसला अजून कुणी कळवलेलं नव्हतं.