हातोडी, ऐरण, रिकीब
कानात तीन छोटी हाडं असतात: हातोडी, ऐरण आणि रिकीब. पडद्यावर आदळलेला आवाज आत पोचवणं हे त्यांचं काम. नर्सिंगच्या प्रवेश परीक्षेसाठी मी हे मोठ्यानं पाठ करते आणि समोर बसलेले बाबा हसून म्हणतात, ‘बराबर.’ एकदा मी मुद्दाम म्हणाले, ‘कानानं आपण जेवतो.’ तरीही ‘बराबर.’ वीस वर्षं लोखंडाच्या मिलमध्ये काढून बाबांचे कान पार गेले. मिलमध्ये कळलं तर दुसऱ्याच दिवशी घरी बसवतील, म्हणून कुणी काही बोललं की हसून ‘बराबर’ म्हणायचं, हे मीच त्यांना शिकवलं. काल मिलचे सुपरवायझर त्यांच्या अंबडच्या भाच्यासाठी मला बघायला आले. मी चहा दिला. साहेब कपावर फुंकर मारत म्हणाले, ‘कडूबा, लगीन ह्याच महिन्यात उरकू. पोरीचं नर्सिंग-बिर्सिंग बंद. आमच्यात सुना नोकरीला जात न्हाईत. मंजूर हाय ना?’ बाबा हसले. ‘बराबर.’ त्यांना ऐकूच आलं नाही, एवढं एक वाक्य माझ्या जिभेवर होतं. पण ज्यांच्यापासून ते दोन वर्षं लपवलं, तेच समोर बसले होते. ‘शब्द झाला मंग आपला,’ म्हणत साहेबांनी बाबांना पेढा भरवला. पाहुणे गेल्यावर बाबांनी त्यातला उरलेला अर्धा माझ्या हातावर ठेवला. ‘साहेब लई भला माणूस हाय, शालू. काय बोलून राह्यले व्हते गं?’